गुडघ्यापर्यंतचे बूट घालून गणपत गल्लीत जाऊ का?

मागच्या अंकात पावसाळ्यात चामडं कसं सांभाळावं ते लिहिताना जाता जाता एक वाक्य टाकलं होतं: उंच नळीचे, टाचेचे बूट आता पुरुषही दुरुस्तीला घेऊन येतात आणि मला त्यात वावगं काही दिसत नाही. त्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग पडला. बुरशीवर एकही पत्र नाही! म्हणून या वेळचं सदर तेवढ्याच विषयाला देतो. नव्या वाचकांसाठी ओळख सांगतो. घराणं अथणीकडचं, चपला करणारं. नोकरी फौजेत, बूट आणि चामडी सामान दुरुस्त करायच्या कामावर. आता बेळगावात कॅम्पच्या बाजूला छोटं दुकान आहे. बुटापलीकडचं शहाणपण माझ्याकडं मागू नका असं दर वेळी लिहितो, तरी तुम्ही मागताच.

काका, मी खानापूर तालुक्यातला, वय २६. बेळगावात एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघतो. ऑनलाइन मागवून काळे, गुडघ्यापर्यंतचे, अडीच इंच टाचेचे बूट घेतलेत. रात्री खोलीत घालून फिरतो. पायात असले की बरं वाटतं, ताठ चालावंसं वाटतं. रूममेट म्हणतो, बाजारात गणपत गल्लीत गेलास तर पोरं व्हिडिओ काढतील. मला बायकांचे कपडे घालायचे नाहीत, दुसरं काही मनात नाही, फक्त हे बूट आवडतात. घालू का?

घाल.

प्रश्न तेवढाच होता, पण तुझं पत्र चार पानी आहे, म्हणजे एका शब्दावर तुझं समाधान व्हायचं नाही.

टाच ही बायकांची वस्तू, हे आपल्या डोक्यात बसलंय ते काही फार जुनं नाही. टाच आली घोड्यावरून. इराणचे स्वार रिकिबीत उभे राहून बाण मारायचे, आणि पाय रिकिबीतून पुढं सरकू नये म्हणून जोड्याला टाच असायची. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शहा अब्बास इराणच्या गादीवर होता. त्यानं युरोपातल्या राजांकडं वकील पाठवले, तेव्हा तिथल्या सरदारांना इराणी थाटाचं वेड लागलं आणि टाच त्यांच्याही पायाखाली आली. फ्रान्सचा चौदावा लुई तर लाल टाचांचे जोडे घालायचा. १७०१ सालचं त्याचं मोठं तैलचित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. राजा पाय पुढं करून उभा आहे, पांढरे घट्ट मोजे, आणि खाली लालभडक टाच. पुरुषांनी टाच टाकली ती अठराव्या शतकात. म्हणजे ज्याला तू बायकांचं म्हणून घाबरतोस ते त्यांनी आपल्याकडून घेतलेलं आहे, आणि आपल्यापेक्षा नीट सांभाळलंय.

फ्रान्स लांब वाटत असेल तर बेळगावचंच सांगतो. मी पोरगा असताना बेलबॉटमचा काळ होता. चुलत्याच्या दुकानात कॉलेजची पोरं यायची आणि सोलवर सोल चढवून दोन दोन इंच उंची करून न्यायची. पँटच्या घेरात टाच झाकली जायची, एवढाच काय तो फरक. त्यातले काहीजण आज कुठल्या कुठल्या सोसायटीचे चेअरमन आहेत आणि नातवाच्या केसांवरून घरात भांडतात.

आता कामाचं बोलू. अडीच इंच टाच पहिल्याच जोडीत जास्त झाली, पण घेतलीयस तर घेतलीस. रात्री खोलीत फिरतोस म्हणतोस, ती शहाबादी फरशी असणार. फरशीवर कोणीही चालतो. गल्लीच्या चढ-उतारावर, गटाराच्या झाकणांवर आणि त्या नव्या पेव्हर ब्लॉकच्या फटींवर पाय टाकायला शिकायला लागतं. तुझी टाच जाड असेल तर फटीत अडकायची नाही. बारीक असेल तर पहिल्या आठवड्यातच मोडून माझ्याकडं आणशील. पाऊल नेहमीपेक्षा थोडं लहान टाक. टाच आधी, मग चवडा, आणि गुडघा वाकवून चालू नकोस. बरीच पुरुषमंडळी टाच घालून गुडघे मुडपून चालतात, पाण्यातनं चालल्यासारखी. लोक हसतात ते त्या चालीला.

आवाजाचंही बघायला पाहिजे. ऑनलाइनच्या बुटांना टाचेखाली कडक प्लास्टिक असतं, ते टक् टक् वाजतं. ज्याला आधीच वाटतंय की सगळा बाजार आपल्याकडं बघतोय, त्याच्या कानात तो आवाज दुप्पट होतो. कुठल्याही चांगल्या कारागिराकडून ते काढून रबर बसवून घे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ओल्या रस्त्यावर घसरायचंही टळतं.

पँटचं विचारलंयस. नळीवरनं पँट ओढून बूट लपवायचा असेल तर गुडघ्यापर्यंतचे घेतलेस कशाला? घोट्यापर्यंतचे चालले असते. सरळ, अंगाबरोबर बसणारी जीन आत खोच, वर साधा गडद शर्ट किंवा लांब जाकीट. बूट हाच एक थाट असू दे. त्याच्या जोडीला चमकता पट्टा, गॉगल, गळ्यात साखळी असलं काही नको. मग मात्र व्हिडिओ काढणाऱ्याला मी दोष देणार नाही.

आणि व्हिडिओ. कोण काढेलही. माझ्याकडं उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला एक मोल्डर येतो, चाळिशीचा. कामावर त्याला लोखंडी टोपीचा सेफ्टी शू सक्तीचा आहे, तो पिशवीत असतो. येता-जाता पायात तपकिरी, गुडघ्याखाली चार बोटं थांबणारे, दोन इंच टाचेचे बूट. परवा टाचेचं रबर बदलायला आला तेव्हा जोडी हातात घेऊन बघितली. दोन्ही टाचा मागच्या बाहेरच्या कोपऱ्यावर सारख्याच झिजलेल्या, म्हणजे चाल सरळ. डाव्या बुटाच्या चवड्यावर गिअरच्या दांड्याचा काळा वण. नळीच्या आतलं अस्तर पोटरीला घासून तेलकट, गुळगुळीत झालेलं. असा बूट खोलीत घालून होत नाही, तो वर्षानुवर्षं कामावर नेलेला बूट आहे. काम होईपर्यंत तो माझ्या जुन्या चपला घालून समोरच्या गाड्यावर चहाला गेला, आणि बूट होते माझ्या फळीवर. दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, कुणाच्या बाईंचे हो? मी म्हटलं, ते बघा, चहा पितायत. त्यांनी बघितलं. एकजण म्हणाला, 'हां, ते होय, रोज बघतो की बसस्टॉपवर.' आणि स्वतःच्या सँडलच्या बंदाचं बोलायला लागला. तुझ्या रूममेटला हे सांग. पहिल्या दिवशी लोक बघतात, दुसऱ्या दिवशी ओळखतात, नंतर त्यांना त्यांच्या सँडलचं पडलेलं असतं.

पहिल्यांदा जाताना रविवारी संध्याकाळी गर्दीत मिरवायला जाऊ नकोस. कामाच्या दिवशी, सकाळी, काहीतरी आणायच्या निमित्तानं जा. पिशवी हातात असू दे. कामाला निघालेल्या माणसाकडं आपल्या गावात कोण थांबून बघत नाही.

दुचाकीचं एवढंच: गिअरचा दांडा पुढं-मागं दोन्हीकडून दाबायचा असेल तर जाड टाच मागच्या पट्टीवर चुकून पडते आणि गिअर नको तेव्हा बदलतो. आधी मोकळ्या मैदानात चालवून बघ.

तुमच्यासारख्या जुन्या माणसानं तरुणांना हे शिकवावं, याचं वाईट वाटलं. पुरुषानं उंच टाचेचे बूट घालून बाजारात फिरायचं ही आपली संस्कृती नव्हे. शिवरायांचं नाव घेणाऱ्या सीमाभागात तरी हे शोभत नाही. — चिकोडी तालुक्यातील एक ऊस उत्पादक

दादा, तुम्ही ऊस लावता म्हणून विचारतो. पावसाळ्यात पाणी पाजायला, चिखलात उतरायला पायात काय घालता? गमबूट. तो कुठपर्यंत येतो? गुडघ्यापर्यंत. टाच असते का? असते, इंचभर का होईना. तुम्हाला कधी कोण हसलं का? नाही, कारण तिथं काम दिसतं.

२६ जानेवारीला टीव्हीवर राष्ट्रपतींचे अंगरक्षक बघता ना? १७७३ सालापासूनची पलटण आहे ती. गुडघ्याच्या वर येणारे काळेभोर बूट, टाच, त्याला मागं काटा. आपण सगळे उठून बसून बघतो. आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, टाचा जुळवल्याचा आवाज ऐकत आपली पोरं मोठी झालीत. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री घोड्यावर बसणारी पोरं उंच नळीचे बूट कुठनं कुठनं मागून आणतात, ते शिवायला माझ्याकडंच येतात. तेव्हा उंच बूट आणि टाच आपल्याला चालते. गणवेश असेल, काम असेल, मिरवणूक असेल तर चालते. एका माणसानं स्वतःच्या आवडीनं मंगळवारी सकाळी घातली की चालत नाही.

माझं म्हणणं तेवढंच आहे. हौस हे कारण पुरेसं आहे. तुमच्याकडं बैलांच्या शिंगांना रंग लावतात, गोंडे बांधतात, त्यानं बैल जास्त ओढतो काय? शर्यतीच्या बैलावर लाखानं घालवणाऱ्या माणसाला आपण हौशी म्हणतो आणि कौतुकानं म्हणतो. बुटाचीही हौस असते. ती परवडण्यातली आहे, आणि कुणाच्या बापाचं त्यात काही जात नाही.

शिवरायांचं नाव इथं आणू नका अशी विनंती. त्यांनी पायात काय घातलं यावरून त्यांचं मोठेपण कोण मोजत नाही.

माझा पाय ९ नंबरचा, पोटरी ४१ सेंटिमीटर. पुरुषांच्या दुकानात उंच नळीचे म्हणजे गमबूट नाहीतर घोडेस्वारीचे, तेही महाग. बायकांच्या बुटांत नंबर मिळत नाही, मिळाला तर चवड्याला चिमटतो. आपल्याकडचे कोल्हापुरी करणारे कारागीर असे बूट शिवून देतील का? — गोकाक

मला आवडलेलं पत्र. मोजमाप घेऊन प्रश्न विचारलाय.

बायकांच्या बुटात तुमचा पाय का बसत नाही ते आधी समजून घ्या. लांबी मिळाली तरी फर्मा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात तो पायाचा साचा, वेगळा असतो. बायकांचा फर्मा टाचेला आणि चवड्याला अरुंद, पुरुषाचा पाय तिथंच रुंद. युरोपच्या मापात ४३ म्हणून तुम्ही घ्याल, पण करंगळी मुडपून बसेल आणि महिनाभरात तिथं घट्टा येईल. नंबर मोठा घेऊन अडजस्ट करू नका. टाच आत सरकते, पाय पुढं घसरतो, नखं काळी होतात.

कोल्हापुरी करणारे शिवून देतील का? अथणी, निपाणी, कापशी या पट्ट्यात हात चांगले आहेत. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर आपले चारही आले: बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आमच्या आज्ज्याला हे कळलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मानांकनानं जोडीमागं किती मिळणार? पण कोल्हापुरी आणि उंच बूट ही दोन कामं वेगळी. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं, कडक, वर्षानुवर्षं टिकणारं. त्याची नळी केली तर ती पोटरीला पत्र्यासारखी लागेल, घडी पडेल तिथं चिरेल. नळीला मऊ, क्रोममध्ये कमावलेलं वासराचं किंवा बकऱ्याचं चामडं लागतं. पण टाच मात्र त्याच कडक चामड्याची करा! थरावर थर, मध्ये खळ आणि खिळे, बाजूनं रापीनं, म्हणजे चामड्याच्या सुरीनं, घासून, वर मेण. लाकडी किंवा प्लास्टिकच्या टाचेला असलं रूप येत नाही.

म्हणजे दोन कारागीर लागतील. नळी आणि वरचा भाग बूट शिवणारा करेल, टाच कोल्हापुरीवाला. बेळगावात असे दोघे शोधायला वेळ जातो पण मिळतात. दोघांना एकमेकांचं काम पसंत पडायचं नाही, त्याची तयारी ठेवा.

माप असं द्या. संध्याकाळी द्या, सकाळी नाही, कारण दिवसभरात पोटरीला सूज येते आणि सकाळचं माप संध्याकाळी आवळतं. उभं राहून एक, बसून एक. जो मोजा घालणार तोच घालून. पोटरीचा सगळ्यात जाड भाग, त्याखाली घोट्याचा सगळ्यात बारीक भाग, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या वळीपर्यंतची उंची. या उंचीतून दोन बोटं कमी करायची, नाहीतर बसलात की नळी गुडघ्याच्या मागं रुतते. दोन्ही पायांचं वेगळं माप घ्या. सगळ्यांचे दोन्ही पाय सारखे नसतात. ४१ पोटरीला चेन आतल्या बाजूनं आणि मागं दोन बोटांची इलॅस्टिकची पट्टी ठेवायला सांगा. वजन थोडं कमी-जास्त झालं तरी बूट चालेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे डोळ्याला दिसत नाही. टाचेच्या बुटात तळाच्या आत, टाचेपासून चवड्याच्या मागंपर्यंत लोखंडाची चपटी पट्टी असते. सपाट चपलेला ती लागत नाही, म्हणून कोल्हापुरी करणारा ती घालायचा नाही, त्याला सांगायला लागेल. ती नसली तर पाऊल टाकलं की बुटाची कंबर खाली बसते, टाच मागं कलते आणि एक दिवस मोडते. बूट तयार झाला की टेबलावर ठेवा. चवडा टेबलाला टेकलेला आणि टाचेचा तळ पूर्ण टेकलेला दिसला पाहिजे, कागद आत सरकायला नको. मग मधल्या भागावर अंगठ्यानं जोरात दाबा. वाकला तर पैसे देऊ नका.

टाच दोन इंचांच्या वर नको. जेवढी टाच उंच, तेवढं वजन टाचेवरून चवड्यावर येतं. बायका हे लहानपणापासून सवयीनं सोसतात, तेही बरोबर नाहीच. तुम्ही मोठेपणी सुरू करणार, पोटरीचे स्नायू आखडतील. रोज घालणार असाल तर घरी आल्यावर जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून टाचा खाली सोडायच्या, मिनिटभर. फौजेत आम्ही हे वेगळ्या कारणासाठी करायचो, पण उपयोग तोच.

पावसाळ्याचं मागच्या अंकात लिहिलंय, ते कोणीच वाचलेलं दिसत नाही, म्हणून परत: ओला बूट चुलीजवळ किंवा उन्हात ठेवायचा नाही. नळीत जुना 'तरुण भारत' गुंडाळी करून घालायचा, नळी ताठ राहते आणि ओल शोषली जाते. दुसऱ्या दिवशी कागद बदलायचा. चेनला मेणबत्ती घासायची. आणि गोकाकपेक्षा खानापूरकडं राहणाऱ्यांनी जून ते सप्टेंबर चामड्याचे उंच बूट बाहेर काढूच नयेत, असं माझं मत आहे. तिथला पाऊस आणि लाल चिखल कुणाचं ऐकत नाही.

मुलगा २३ वर्षांचा, पुण्यात शिकतो. सुटीला निपाणीच्या स्टँडवर उतरला तो टाचेचे लांब बूट घालून. शेजारच्यांनी आमच्या आधी बघितलं. ह्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. मुलगा चांगला आहे, व्यसन नाही, मार्क चांगले. लोक काय काय विचारतात ते मला लिहवत नाही. माझ्या संस्कारात काही कमी पडलं का? — एक आई

ताई, संस्कारांचा बुटाशी संबंध एवढाच की घरात येताना ते दारात काढले का. काढले असणारच.

लोक जे विचारतात आणि तुम्हाला लिहवत नाही, ते मला कळतं. माझं उत्तर असं: पायातल्या वस्तूवरून माणूस कसा आहे, त्याला कोण आवडतं, त्याचं लग्न होणार की नाही, हे कळत नाही. माझ्याकडं असे बूट आणणाऱ्यांत दोन पोरांचा बाप आहे, एक कॉलेजचा मास्तर आहे, आणि ज्याच्याबद्दल मला काहीच माहीत नाही असेही आहेत. मी विचारत नाही. पोराला स्वतःहून काही सांगायचं असेल तर तो तुम्हालाच सांगेल, आणि तेव्हा ऐकायला घरात कोण तरी असायला पाहिजे. म्हणून बोलणं तुटू देऊ नका, खास करून ह्यांचं.

ह्यांचं कसं करायचं? त्यांच्या थोरल्या भावाचा किंवा मामाचा १९७५ च्या आसपासचा एखादा फोटो घरात असेल तर काढा. बेलबॉटम, कानावर केस, आणि खाली बघा काय आहे. काही बोलायची गरज नाही, जेवताना ताटाशेजारी ठेवा. नवऱ्याला शब्दानं पटवायला गेलात तर तो त्याच्या बापाची गोष्ट काढेल आणि रात्र जाईल.

पोराला एक सांगा. पुढच्या वेळी यायच्या आधी फोन करून सांगत जा. त्याला बूट घालायचा हक्क आहे, तसा तुम्हालाही शेजारणीच्या आधी बघायचा आहे. हे त्याला पटेल.

आणि त्यानं कुठनं घेतले ते विचारून मला कळवा. निपाणीच्या स्टँडवरचे खड्डे पार करून टाच शाबूत राहिली म्हणजे माल बरा दिसतोय.

वय ५८, शुगर आहे. टाचेचे उंच बूट चालतील का?

नको. घट्ट नळीनं पायाला काय होतंय ते कळत नाही, आणि शुगरवाल्याला पायाची जखम उशिरा कळते. डॉक्टरांना पाय दाखवून, ते म्हणाले तर इंचभर रुंद टाच, सैल नळी, आणि रोज रात्री तळवे आरशात बघायचे. एवढं करणार नसाल तर चांगली कोल्हापुरीही नको, पुढनं बंद, मऊ बूट घ्या.

माझं लग्न येत्या वैशाखात, शहापूरला. रिसेप्शनला शेरवानीखाली तपकिरी उंच बूट घालायचे आहेत, टाच दोन इंच. होणारी बायको म्हणते घाल, मला उंच नवरा मिळेल. सासरे काय म्हणतील ते म्हणोत. पण लग्नात करवल्या बूट लपवतात, आणि काढा-घालायला वेळ लागतो. काय करू?

आधी अभिनंदन, आणि मुलीचंही.

अक्षतांना बूट नकोतच, पाटावर अनवाणी उभं राहायचं आहे. तिथं साधी मोजडी घालून या, ती करवल्यांना लपवू दे. त्यांचं मानपान होईल, तुमचं नुकसान दोनशेचं. उंच बूट गाडीच्या डिकीत, भावाच्या ताब्यात. रिसेप्शनच्या आधी अर्धा तास खुर्चीवर बसून घाला, उभं राहून घालायला गेलात तर शेरवानीची शिवण जाते. चेनला मेण लावलेलं असू दे. लांब हँडलचा शूहॉर्न मिळतो, तो घ्या, वाकायला लागत नाही.

दोन-तीन तास स्टेजवर उभं राहायचंय म्हणून आठ दिवस आधी रोज तासभर घरात घाला. नवी टाच आणि नवं लग्न एकाच दिवशी नको. स्टेजवर गालिचा असतो आणि खाली फळ्यांच्या फटी, तेव्हा आधी एक फेरी मारून फटी कुठं आहेत ते बघून ठेवा.

उंचीचंही मोजून ठेवा. तुम्ही दोन इंच वर गेलात आणि तिनं सपाट घातलं तर फोटोत हार घालताना तिला टाचा उचलायला लागतील. तिची टाच किती ते विचारा आणि दोघं एकदा आरशासमोर उभे राहा. लग्नाआधी बेळगावात येणार असाल तर दोन्ही जोड्या घेऊन दुकानात या, टाचेचं रबर दोघांचंही बदलून देतो. सोमवारी दुकान बंद असतं.